एक्सरचे वीर

(आपल्या गावात, आपल्या रस्त्यावर जुन्या काळाच्या अनेक खुणा असतात. त्यांत लढायांची आणि देशासाठी प्राण देणाऱ्यांची स्मारकेही असतात. आपण रोज त्यांच्याजवळून जातो. पण त्या वाचत नाही. प्रस्तुत पाठात कांदिवलीजवळच्या एक्सर गावातील वीरगळांची माहिती दिली आहे. वीरगळ कसा वाचावा आणि आपल्या परिसरातील स्मारकांसाठी आपण काय करू शकतो, हेही या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, आज आपण एका लहानशा सहलीला जाणार आहोत. ही सहल फार दूरची नाही. कांदिवली पश्चिम या मेट्रो स्थानकावर गाडीत बसा आणि दहिसरच्या दिशेने निघा. तिसरे स्थानक येईल, त्याचे नाव एक्सर. तुम्ही हे नाव पाटीवर वाचले असेल. गाडीतील आवाजही ते नाव सांगतो. पण हे नाव मेट्रोबरोबर आलेले नाही. एक्सर हे बोरिवलीतील एक जुने गाव आहे.

आज तेथे चारी बाजूंना उंच इमारती आहेत. रिक्षा आणि बस यांची गर्दी आहे. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी मात्र येथे आमराई होती. आमराईजवळ एक सुंदर तळे होते. १८८२ साली इंग्रज सरकारने ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर छापले. गॅझेटियर म्हणजे एखाद्या जिल्ह्याची संपूर्ण माहिती देणारा ग्रंथ. त्या ग्रंथात एक्सरच्या आमराईची आणि तळ्याची नोंद आहे. तळ्याच्या काठी सहा मोठे दगड रांगेने उभे होते, असेही त्यात लिहिले आहे. त्यांतील चार दगड सुमारे दहा फूट उंच आणि तीन फूट रुंद होते. एक दगड तुटलेला होता. बाकीच्या दगडांवर खालपासून वरपर्यंत चित्रे कोरलेली होती. ती आमराई राहिली नाही. गावाने दगड मात्र जपले.

हे दगड कशाचे? ते कोणी उभे केले? चला, आपण त्यांच्या जवळ जाऊन पाहू.

अशा दगडाला मराठीत 'वीरगळ' म्हणतात. हा शब्द कन्नड भाषेतून आला आहे. कन्नडमध्ये 'कल्लु' म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगळ. लढाईत एखादा शूर पुरुष मारला गेला, की त्याच्या आठवणीसाठी गावकरी किंवा नातेवाईक असा दगड उभा करीत. गावाची गुरे चोरांपासून सोडवताना कोणी मेला, तरी त्याचा वीरगळ उभा राही. महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत, देवळाच्या अंगणात किंवा वेशीजवळ, असे दगड आजही दिसतात. उर्दूत आपण ज्याला 'यादगार' म्हणतो, तीच ही वस्तू. फक्त त्यावर शब्दांच्या ऐवजी चित्रे असतात.

ही चित्रे वाचण्याची एक रीत आहे. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे वाचता. मराठी डावीकडून उजवीकडे वाचता. वीरगळ खालून वर वाचायचा असतो! दगडावर आडव्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीत गोष्टीचा एक भाग असतो. खालच्या पट्टीत बहुधा लढाई किंवा लढाईत पडलेला वीर असतो. त्याच्या वरच्या पट्टीत अप्सरा त्याला स्वर्गाकडे घेऊन जातात. त्याच्याही वर तो वीर शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. सर्वांत वर कलश असतो. अनेक वीरगळांवर चंद्र आणि सूर्यही कोरलेले असतात. चंद्रसूर्य आकाशात असेपर्यंत या वीराची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ आहे. ही त्या काळातील लोकांची श्रद्धा होती. जो इतरांसाठी मेला तो वाया गेला नाही, असे त्यांना सांगायचे होते.

रोम शहरात ट्रेजन बादशहाचा एक प्रसिद्ध स्तंभ आहे. तो इ. स. ११३ मध्ये उभारला. त्यावरही लढायांची चित्रे आहेत आणि तीही खालून वर चढत जातात. पण तो स्तंभ एका बादशहाच्या विजयासाठी आहे. वीरगळ बहुधा लढताना पडलेल्या माणसासाठी असतो. हा फरक लक्षात ठेवा.

आता एक्सरच्या दगडांकडे पुन्हा वळू. महाराष्ट्रात वीरगळ पुष्कळ आहेत. मग एक्सरच्या वीरगळांचे विशेष काय? विशेष असे, की त्यांवर समुद्रावरची लढाई कोरली आहे. अशी चित्रे फार थोड्या ठिकाणी सापडतात.

एका दगडावर घोडेस्वार आणि हत्ती आहेत. ही जमिनीवरची लढाई. दुसऱ्या एका दगडाच्या सर्वांत खालच्या पट्टीत पाच जहाजे आहेत. त्यांची टोके उंच आहेत, मधोमध डोलकाठी आहे आणि बाजूला वल्ह्यांची रांग आहे. खलाशी वल्ही मारीत आहेत. त्यांच्या वर हत्यारे घेतलेले सैनिक उभे आहेत. वरच्या पट्टीत जहाजांची झुंज चालू आहे. एका जहाजावरचे लोक पाण्यात पडत आहेत. आणखी वर गेल्यावर आवाज थांबतो. तेथे वीर स्वर्गात पोहोचले आहेत आणि पूजा करीत आहेत. कारागिराने एका कठीण काळ्या दगडावर केवढी मोठी गोष्ट सांगितली आहे!

तुम्ही म्हणाल, "एक्सरला समुद्र कुठे आहे? तेथे तर लिंक रोड आहे!" प्रश्न बरोबर आहे. पण नकाशा उघडून पाहा. बोरिवलीच्या पश्चिमेला गोराईची खाडी आहे. मुंबईची उपनगरे ज्या भूमीवर वसली आहेत तिचे जुने नाव साष्टी. साष्टी हे बेट आहे. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. कांदिवली, बोरिवली, मालाड ही सारी गावे या बेटावरची. जुन्या काळी येथे यायचे तर बहुधा होडीनेच यावे लागे. मग येथील लढाईत जहाजे असली, तर नवल कसले?

त्या काळी या किनाऱ्यावर शिलाहार घराण्याचे राज्य होते. अंबरनाथचे प्रसिद्ध शिवमंदिर याच घराण्याच्या काळात, १०६० साली बांधले गेले. शिलाहारांची बंदरे गजबजलेली असत. इराण आणि अरबस्तान येथील गलबते तेथे येत. प्रसिद्ध अरब प्रवासी आणि इतिहासकार अल्-मसूदी हिजरी सन ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, चौल बंदरात आला होता. चौलला तो 'सैमूर' म्हणतो. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते, असे त्याने लिहिले आहे. सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून येऊन ते या किनाऱ्यावर स्थायिक झाले होते. तेथील राजाचे नाव त्याने 'जंज' असे दिले आहे. हा राजा म्हणजे शिलाहार राजा झंझ, असे इतिहासकार मानतात. पाहा, कोकणच्या एका राजाचे नाव आपल्याला अरबी ग्रंथातूनही कळते! म्हणून एकापेक्षा जास्त भाषा येणाऱ्या माणसाला इतिहास अधिक चांगला वाचता येतो.

शिलाहारांचे राज्य पुढे सुमारे साडेतीनशे वर्षे टिकले. त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर. त्याच वेळी देवगिरीला यादव घराण्याचा महादेव नावाचा राजा होता. देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद. महादेवाने कोकणावर स्वारी केली. त्याच्या सैन्यात हत्ती होते. जमिनीवर सोमेश्वराचा पराभव झाला. तेव्हा त्याने जहाजांचा आसरा घेतला. महादेवाने समुद्रावरही त्याचा पाठलाग केला. या लढाईत सोमेश्वर समुद्रात बुडाला. ही हकीकत हेमाद्री या यादवांच्या मंत्र्याने आपल्या ग्रंथात संस्कृत श्लोकांत सांगितली आहे. ही घटना इ. स. १२६५ च्या सुमाराची मानतात.

प्रसिद्ध संशोधक वा. वि. मिराशी यांनी हा ग्रंथ आणि एक्सरचे दगड यांचा मेळ घातला. ग्रंथात आधी हत्तींची लढाई आहे, मग जहाजांची. दगडांवरही हत्ती आहेत आणि जहाजेही आहेत. म्हणून महादेव आणि सोमेश्वर यांच्या लढाईचेच हे स्मारक असावे, असे मत त्यांनी मांडले. काही अभ्यासक मात्र हे दगड याहून जुने मानतात. असा मतभेद का होतो? कारण या दगडांवर नाव किंवा सन सांगणारे एकही अक्षर कोरलेले नाही.

मित्रांनो, येथे थोडे थांबा आणि विचार करा. दगडावर सर्व काही आहे. हत्ती आहे, घोडा आहे, जहाज आहे, वल्हे आहे, पाण्यात पडणारा माणूस आहे. फक्त त्या वीराचे नाव नाही. तो कोणत्या गावचा होता? तो सोमेश्वराच्या बाजूने लढला की महादेवाच्या? त्याच्या घरी कोण वाट पाहत होते? दगड उभा केला तेव्हा हे सर्व लोकांना ठाऊक असेल. सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट लिहून ठेवायची काय गरज, असे त्यांना वाटले असेल. ज्यांना माहीत होते ती माणसे गेली. त्यांची मुले गेली, नातवंडे गेली आणि नावही त्यांच्याबरोबर गेले.

गावकऱ्यांनी मात्र दगड सोडून दिले नाहीत. त्यांनी या दगडांना देव मानले. शेंदूर लावला, फुले वाहिली, दिवा लावला. काही लोक म्हणतात, "शेंदरामुळे कोरीव काम झाकले जाते." हे खरे आहे. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. महाराष्ट्रात कितीतरी वीरगळ लोकांनी पायरीला लावले, बांधावर टाकले किंवा कपडे धुण्यासाठी वापरले. ज्या दगडाला लोक हात जोडतात तो दगड कोणी फोडत नाही. एक्सरचे दगड आजपर्यंत राहिले याचे श्रेय त्या गावकऱ्यांना दिले पाहिजे. श्रद्धेने दगड जपला. आता त्यावर काय लिहिले आहे, हे समजून घेण्याचे काम अभ्यासाने केले पाहिजे. दोघांत भांडण असण्याचे कारण नाही.

आता आपण परत कांदिवलीला येऊ. येथे आपल्याला अगदी उलटा प्रकार दिसेल.

स्टेशनाबाहेर पडा आणि एखाद्या माणसाला रस्त्याचे नाव विचारा. तो म्हणेल, "हा एस. व्ही. रोड." दुसरा म्हणेल, "तो एम. जी. रोड." एस. व्ही. म्हणजे स्वामी विवेकानंद आणि एम. जी. म्हणजे महात्मा गांधी. मोठ्या माणसांची आठवण राहावी म्हणून रस्त्यांना त्यांची नावे दिली. आपण ती इतक्या घाईने उच्चारतो, की नावाची दोन अक्षरेच उरली! या थोर पुरुषांना तर सर्व जग ओळखते. पण ज्यांची नावे तेवढी प्रसिद्ध नाहीत, त्यांचे काय होत असेल?

दक्षिण मुंबईत युसूफ मेहेरअली यांच्या नावाचा एक रस्ता आहे. त्या रस्त्यावरून रोज हजारो लोक जातात. दुकानांच्या पाट्यांवर त्यांचे नाव आहे. बिलांवर आणि पाकिटांवर त्यांचे नाव छापलेले असते. पण युसूफ मेहेरअली कोण होते, हे त्यांतील किती जणांना सांगता येईल? त्यांचा जन्म १९०३ साली मुंबईत झाला. १९२८ साली सायमन कमिशन मुंबईच्या बंदरात उतरले, तेव्हा काळी निशाणे घेऊन त्यांनी तरुणांसह निषेध केला. 'सायमन परत जा' ही घोषणा त्यांनी दिली. स्वातंत्र्यासाठी त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला. १९४२ साली तुरुंगात असतानाच ते मुंबईचे महापौर निवडून आले. त्याच वर्षी ८ ऑगस्टला गवालिया टँक मैदानावर काँग्रेसच्या अधिवेशनात महात्मा गांधींनी देशाला हाक दिली आणि 'छोडो भारत' ही घोषणा देशभर गेली. हे शब्दही मेहेरअलींनीच सुचवले होते, असे सांगतात. तुरुंगवासाने त्यांची प्रकृती ढासळली. १९५० साली, वयाची पन्नाशीही गाठण्याआधी, त्यांचे निधन झाले.

काळबादेवी भागात बाबू गेनू याच्या नावाचा रस्ता आहे. बाबू गेनू हा पुणे जिल्ह्यातील महाळुंगे पडवळ गावचा. मुंबईत तो कापड गिरणीत काम करीत असे. परदेशी मालावर बहिष्कार टाकण्याची चळवळ त्या वेळी जोरात होती. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाने भरलेली लॉरी काळबादेवीतून निघाली. ती अडवण्यासाठी बाबू गेनू तिच्यासमोर गेला. लॉरी थांबली नाही. ती त्याच्या अंगावरून गेली. त्या वेळी तो अवघा बावीस वर्षांचा होता. तो पुढारी नव्हता. त्याने मोठी भाषणे केली नव्हती. तरीही त्याचे नाव राहिले, कारण ते त्याच वेळी लोकांनी लक्षात ठेवले आणि लिहून ठेवले.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एक्सरच्या दगडावर पराक्रम राहिला आणि नाव हरवले. शहरातील रस्त्याच्या पाटीवर नाव राहिले आणि पराक्रम हरवत चालला आहे. स्मारक अर्धेच काम करते. उरलेले अर्धे काम वाचणाऱ्याने करायचे असते.

फोर्टमधील हुतात्मा चौकात मात्र या दोन्ही गोष्टी एकत्र सापडतात. मुंबईसह मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे, म्हणून संयुक्त महाराष्ट्राची चळवळ झाली. त्या चळवळीत शंभरांहून अधिक माणसे गोळीबारात बळी पडली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच चौकाच्या परिसरात, फ्लोरा फाउंटनजवळ, गोळीबार झाला होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. या चौकात आज शेतकरी आणि कामगार यांचा पुतळा आहे. त्यांच्या हाती मशाल आहे. तेथेच हुतात्म्यांची नावेही कोरलेली आहेत. ही चळवळ खेड्यापाड्यांत पोहोचवण्यात शाहिरांचा मोठा वाटा होता. त्यांत अण्णा भाऊ साठे होते आणि अमर शेख होते. अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. ते बार्शीचे. त्यांचा पहाडी आवाज ऐकण्यासाठी हजारो लोक जमत.

हुतात्मा चौकात चित्र आहे, नाव आहे आणि तारीखही सांगता येते. तरीही चर्चगेटहून कचेरीकडे धावणारी गर्दी तेथे क्वचितच थांबते. तुम्ही गेलात तर थांबा. सर्व नावे वाचता आली नाहीत तरी चालेल. पण त्यांतील एक नाव तरी मोठ्याने वाचा.

मित्रांनो, तुम्ही अजून लहान आहात. तुम्हांला मोठी स्मारके बांधता येणार नाहीत. पण तीन कामे तुम्हांला नक्की करता येतील.

पहिले काम म्हणजे दगडाला इजा न करणे. वीरगळावर चढू नका, बसू नका, खिळ्याने किंवा खडूने नाव लिहू नका. घासून साफ करण्याचा प्रयत्नही करू नका. जुना दगड चुकीच्या हाताने घासला तर उरलेली रेघही पुसली जाते. एक्सरला गेलात तर ती पूजेची जागा आहे हे विसरू नका. शांतपणे पाहा आणि तेथील माणसांची परवानगी घेऊनच छायाचित्र काढा.

दुसरे काम विचारण्याचे. तुमच्या गल्लीच्या, चौकाच्या किंवा मैदानाच्या पाटीवर ज्याचे नाव आहे तो कोण होता, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. दादाजान, नानीजान, शेजारचे काका, कोपऱ्यावरचे जुने दुकानदार यांना पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात. त्या कोठेच छापलेल्या नसतात.

तिसरे काम लिहिण्याचे. जे कळेल ते तारखेसह वहीत लिहा. कोणी सांगितले तेही लिहा. जे कळले नाही त्याची जागा कोरी सोडा. आपल्या मनाने ती भरू नका. एक्सरच्या वीरांना एखादे खोटे नाव देणे सोपे आहे. पण खोटे नाव देणे हा त्यांचा मान नाही. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याला 'एक वीर' म्हणून आठवावे. तेही पुरेसे आहे.

आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी एका माणसाच्या मृत्यूने दुःखी झाले. त्याने कारागिराला बोलावले आणि सांगितले, "हे विसरले जाता कामा नये." कारागिराने छिन्नी उचलली. तो निरोप आजही एक्सरला उभा आहे आणि कांदिवलीहून तेथे पोहोचायला तीनच स्थानके लागतात. पुढच्या वेळी गाडीत 'एक्सर' हे नाव ऐकू आले, की ते वीर आठवा. तुमच्या शेजारी बसलेल्या मित्राने विचारले, "काय झाले?" तर त्यालाही ही गोष्ट सांगा.

शब्दार्थ

स्मारक – आठवणीसाठी उभारलेली वस्तू, यादगार
पराक्रम – बहादुरी
हुतात्मा – चांगल्या कामासाठी प्राण देणारा, शहीद
आमराई – आंब्याच्या झाडांची बाग
वेस – गावात शिरण्याची जागा, गावाचा दरवाजा
बांध – दोन शेतांमधील मातीचा किंवा दगडांचा उंचवटा
डोलकाठी – जहाजावरचा शीड बांधण्याचा उंच खांब
वल्हे – होडी चालवण्याचे लाकडी साधन, चप्पू
खाडी – जमिनीत आत शिरलेले समुद्राचे पाणी
स्वारी – हल्ला, चढाई
बहिष्कार – एखादी वस्तू न घेण्याचा निश्चय
छिन्नी – दगड कोरण्याचे हत्यार
मेळ घालणे – दोन गोष्टी जुळतात का ते पाहणे
स्थायिक होणे – एका ठिकाणी कायमचे राहणे
श्रेय देणे – चांगल्या कामाचा मान देणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'वीरगळ' हा शब्द कोणत्या भाषेतून आला आहे?
(आ) मुंबईची उपनगरे ज्या बेटावर वसली आहेत त्याचे जुने नाव काय?
(इ) अल्-मसूदीने चौलला कोणत्या नावाने संबोधले आहे?
(ई) सोमेश्वराच्या पराभवाची हकीकत कोणी लिहून ठेवली?
(उ) बाबू गेनू मुंबईत कोठे काम करीत असे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वीरगळावरील पट्ट्यांत काय काय कोरलेले असते?
(आ) एक्सरच्या वीरगळांचे विशेष काय आहे?
(इ) एक्सरच्या दगडांच्या काळाविषयी मतभेद का आहेत?
(ई) एक्सरच्या गावकऱ्यांना दगड जपण्याचे श्रेय का दिले पाहिजे?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) एक्सरच्या दगडांवर जहाजे कोरलेली आहेत.
(आ) लेखक म्हणतो, की माहिती कळली नाही तर वहीतील जागा कोरी सोडावी.

प्र. ४. कोण ते लिहा.
(अ) तुरुंगात असताना मुंबईचे महापौर झालेले –
(आ) देवगिरीचा यादव राजा –
(इ) मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल असलेले शाहीर –

प्र. ५. 'स्मारक अर्धेच काम करते. उरलेले अर्धे काम वाचणाऱ्याने करायचे असते.' या वाक्यांचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

प्र. ६. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हींत वापरले जातात. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
तारीख, बंदर, खलाशी, इमारत, निशाण

उपक्रम : तुमच्या शाळेपासून घरापर्यंतच्या वाटेवर ज्या ज्या व्यक्तींची नावे रस्त्यांना, चौकांना किंवा बागांना दिलेली आहेत त्यांची यादी करा. प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीने काय केले, ते एका वाक्यात लिहा. माहिती मिळाली नाही तर शिक्षकांना आणि वडीलधाऱ्या माणसांना विचारा. ही यादी वर्गाच्या भिंतीवर मराठीत आणि उर्दूत लावा.